बार्फ्लर: राजांचं बंदर एवढंसं गाव कसं झालं?

शीडवाली

नॉर्मंडीतल्या बार्फ्लर या बंदरगावावर एका मासिकासाठी लेख लिहिते आहे. कोतांतँ द्वीपकल्पाचं ईशान्य टोक, वस्ती सहाशेच्या आत, क्षेत्रफळ जेमतेम ६० हेक्टर. आणि बाराव्या शतकातली कागदपत्रं उघडली की इंग्लंडचे राजे इथूनच ये-जा करताना दिसतात. हे गणित जुळत नाही. माझे प्रश्न असे:

१. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम १०६६ मध्ये इंग्लंडवर चालून गेला तो बार्फ्लरहून, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. खरं आहे का?
२. 'ब्लांश नेफ' हे जहाज ११२० मध्ये बुडालं तो खडक नेमका कुठे आहे, आणि बंदराच्या इतक्या जवळ ते आपटलंच कसं?
३. बंदर मागे पडलं ते गाळ साचल्यामुळे का?
४. जुनी कागदपत्रं शोधायची तर कुठे? आणि गावात एकच दिवस हाताशी असेल तर काय पाहावं, कोणत्या वेळी?

'छान गाव आहे, नक्की जा' याच्या पुढचं हवं आहे.

---

जुना_नकाशा

पहिल्याचं उत्तर: नाही. विल्यमच्या जहाजांचा तांडा जमला दीव्ह नदीच्या मुखाशी, तिथून तो सोम नदीच्या मुखावरच्या सँ-व्हालरीला सरकला आणि सप्टेंबर १०६६ च्या अखेरीस वारा फिरल्यावर तिथून निघाला. बार्फ्लरचा संबंध आहे तो माणसाचा आणि, परंपरा मानायची तर, जहाजाचा. विल्यमच्या जहाजाचं नाव 'मोरा'. ते त्याच्या बायकोनं, मातिल्दानं, बांधून दिलं. गावात बंदराशी १९६६ साली, म्हणजे ९०० वर्षं झाल्यावर बसवलेलं पदक आहे, ते 'मोरा' इथेच बांधली असं सांगतं. विल्यमला कोणी किती जहाजं दिली याची एक जुनी लॅटिन यादी आहे. तिच्यात मातिल्दा आहे, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, बसवलेली सोन्याच्या मुलाची मूर्तीही आहे, पण बांधणीचं गाव नाही. लेखात 'गावाच्या परंपरेनुसार' एवढे शब्द घाला, म्हणजे कोणी बोट ठेवणार नाही.

आता तिसरा प्रश्न. गंमत खरी इथे आहे. नकाशा उत्तर वर धरून बघा. बार्फ्लरहून सरळ उत्तरेला साधारण १०० किलोमीटरवर वाईट बेटाचं दक्षिण टोक, आणि त्याच्या आडोशाला साउथॅम्प्टन नि पोर्ट्समथ. १०६६ ते १२०४ नॉर्मंडी आणि इंग्लंड बहुतेक काळ एकाच धन्याच्या हाताखाली होते. म्हणजे मधली ही इंग्लिश खाडी सीमा नव्हती, राज्याच्या दोन अंगणांमधला रस्ता होता, आणि बार्फ्लर त्याचं दक्षिणेकडचं दार. दुसरा हेन्री राज्याभिषेकाला निघाला तो इथूनच: आधी वाऱ्यासाठी आठवडेच्या आठवडे खोळंबला, ७ डिसेंबर ११५४ ला सुटला आणि १९ ला वेस्टमिन्स्टरमध्ये मुकुट घातला. त्याचा मुलगा राजा रिचर्ड मे ११९४ मध्ये कैदेतून सुटून नॉर्मंडीत परतला, तोही पोर्ट्समथहून बार्फ्लरलाच.

१२०४ मध्ये फ्रान्सच्या फिलिप ऑग्युस्तनं नॉर्मंडी घेतली. रस्ता होता तिथे सीमा आली. राजांची ये-जा थांबली, तिच्यावर पोसलेली तांडेलांची, नावाड्यांची, सराईवाल्यांची मिळकतही आटली. मग १३४६. तिसऱ्या एडवर्डचं सैन्य १२ जुलैला दक्षिणेकडच्या सँ-व्हा-ला-ऊगला उतरलं आणि दोन दिवसांत बार्फ्लर लुटून जाळलं गेलं. शंभर वर्षांच्या युद्धाची मोठी झळ या गावाला बसली. म्हणजे आधी कारण गेलं, मग गाव जळलं. गाळाला या यादीत मी जागा देणार नाही.

---

ग्रॅनाइट

गाळाचा मुद्दा एवढा झटकून टाकू नका. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या ब्रुआजचं बंदर गाळानंच मेलं. आज तटबंदी उभी आहे आणि समोर दलदलीत गुरं चरतात. बार्फ्लरमध्येही ओहोटीला सगळं पाणी जातं, नावा चिखलात बसतात. फोटो बघा कुठलाही.

---

उधाण_भांग

ग्रॅनाइट, फोटो बरोबर आहे, त्यावरून काढलेला अर्थ नाही. ब्रुआज मिठागरांच्या दलदलीत होतं. तिथे गाळ भरत गेला आणि किनाराच पुढे सरकला. बार्फ्लर खडकावर बसलेलं आहे, समुद्र अजून धक्क्यालाच लागतो. ते कोरडं पडतं म्हणून मेलं असं नाही. कोरडं पडायचं म्हणूनच ते त्या काळी सोयीचं होतं.

बाराव्या शतकातली जहाजं फळीवर फळी चढवून बांधलेली, रुंद पोटाची, फार खोल न बसणारी. अशा जहाजाला क्रेन लागत नाही, पाण्यातला धक्काही लागत नाही. भरतीला आत यायचं, ओहोटी लागली की वाळूमिश्रित चिखलावर अलगद बसायचं, घोडे-पिंपं थेट जमिनीवर उतरवायची, बूड खरवडायचं, डांबर भरायचं आणि पुढच्या भरतीला निघायचं. उलट तळ खडबडीत असेल किंवा आत लाटा येत असतील, तर बसताना जहाज आपटतं आणि फळ्या सुटतात. बार्फ्लरला आडोसा आहे आणि तळ मऊ आहे. पुढे जहाजं खोल होत गेली. सतराव्या शतकातली मोठी युद्धनौका सहा-सात मीटर पाणी मागते. तिला हे बंदर म्हणजे पायरीवर उभं राहून डोकावण्याची जागा. पश्चिमेकडच्या शेरबूर बंदराचा समुद्रातला मोठा बांध १८५३ साली पुरा झाला आणि खोल पाण्याचा प्रश्न या किनाऱ्यापुरता कायमचा तिकडे गेला.

अंक हवेत म्हणून देतो. बार्फ्लरला उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची) भरती-ओहोटी साधारण साडेपाच मीटरची, भांगाची (अष्टमीच्या सुमाराची) अडीच मीटरच्या आसपास. फ्रान्समध्ये भरतीचा जोर 'कोएफिसियां' या आकड्यानं सांगतात: २० म्हणजे अगदी मेलेलं पाणी, १२० म्हणजे कमाल, ४५ सरासरी भांग, ९५ सरासरी उधाण. पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही, त्यासाठी बाराव्या हिश्श्यांचा हिशोब वापरतात: पहिल्या तासात एक हिस्सा, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. ५.४ मीटरचं उधाण असेल तर पहिल्या तासात ४५ सेंटीमीटर, दुसऱ्यात ९०, आणि तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी १ मीटर ३५. अंदाजापुरता हा हिशोब पुरतो. गंडतं ते इथेच: पहिला तास बघून माणसाला वाटतं पाणी सावकाश येतंय, आणि मधल्या दोन तासांत ते डोक्यावर येतं. आजही बार्फ्लरला दरवाजा असलेली गोदी नाही. भरतीच्या आधी-नंतरचे अडीच-तीन तास सोडले तर आत येता येत नाही. इथे मुक्काम करणारी नाव एक तर सपाट बुडाची हवी, नाहीतर दोन्ही बाजूंना टेकू लावून उभी करायची.

आता ब्लांश नेफ. खडकाचं नाव किलबफ. बंदराच्या बाहेर, उत्तरेच्या अंगाला दीड-दोन किलोमीटरवर. भरतीला पाण्याखाली, ओहोटीला दिसतो. घातक तोच. कायम बुडालेला खडक नावेच्या खाली राहतो, कायम वर असलेला डोळ्याला दिसतो; हा मधला.

२५ नोव्हेंबर ११२०. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री आपल्या जहाजातून आधी निघून गेला. तरुण मंडळी, त्यांत १७ वर्षांचा युवराज विल्यम, ब्लांश नेफवर. तांडेल टॉमस, स्टीफनचा मुलगा. १०६६ मध्ये ड्यूक विल्यमला नेणारा तोच स्टीफन, असं टॉमसनंच राजाला सांगितलं होतं. जहाजावर सुमारे ३०० माणसं, वल्ह्यांवर ५० जण. ऑर्डरिक व्हिटालिस या भिक्षूनं घटनेनंतर काही वर्षांत लिहून ठेवलंय की खलाशांनी युवराजाकडे दारू मागितली आणि ती भरपूर मिळाली. अंधार पडल्यावर निघाले, राजाच्या जहाजाला गाठायची पैज, पूर्ण जोरानं वल्ही.

'कसं आपटलं' याचं उत्तर वाटेत आहे. बंदराच्या तोंडापासून आधी ईशान्येकडे बाहेर पडायचं, खडकांचा पट्टा मागे टाकायचा आणि मगच उत्तरेला वळायचं. आजची वाटही तशीच आहे: आत येताना दोन चौकोनी पांढरे दीपमनोरे एकामागे एक धरून साधारण २२० अंशांवर यायचं. लवकर उत्तरेला वळलं की अंतर वाचतं आणि खडक समोर येतात. त्यातून इथला प्रवाह, रा द बार्फ्लर, उधाणाला पाच नॉटपर्यंत (ताशी सुमारे नऊ किलोमीटर) जातो. नाळेची दिशा बरोबर असली तरी प्रवाह जहाजाला कडेला ढकलत नेतो आणि अंधारात ते कळत नाही. घाई, दारू, काळोख आणि आडवा प्रवाह. एकेकटं काहीच पुरेसं नव्हतं. डावी बाजू फुटली.

ऑर्डरिकच्या हिशोबानं वाचला तो रुआँचा एक खाटीक, बेरोल. अंगावर मेंढीच्या कातड्याचे कपडे होते म्हणून रात्र काढू शकला; चांगल्या रेशमी कपड्यातले थंडीनं गेले. आणखी एक गोष्ट लेखात घ्याच: ब्ल्वाचा स्टीफन, राजाचा भाचा, जुलाब होताहेत म्हणून निघण्याआधी उतरला होता. ११३५ मध्ये हेन्री मेल्यावर मुकुट त्यानंच बळकावला आणि हेन्रीची मुलगी मातिल्दा हिच्याशी त्याचं यादवी युद्ध ११५३ पर्यंत चाललं.

---

ग्रॅनाइट

ब्रुआजची तुलना मागे घेतो. बंदर खडकावर बसलेलं आहे हे ध्यानात आलं नव्हतं. तुमच्या हिशोबाला एक पुरवणी: जून १९४४ मध्ये अमेरिकन सैन्यानं शेरबूर घेण्याच्या काही दिवस आधी बार्फ्लर घेतलं, आणि मग सँ-व्हा, ग्रांकां, इसिन्यी यांच्यासारखंच हे लहान बंदरही लहान मालवाहू जहाजं उतरवायला वापरलं. उथळपणा पुन्हा कामाला आला.

---

पुराभिलेख

चौथ्या प्रश्नाचा पहिला भाग. आधी वाईट बातमी. माँश जिल्ह्याचं अभिलेखागार सँ-लो शहरात होतं आणि ६ जून १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ते जळालं. मध्ययुगीन सनदा, मठांचे दप्तर, बरंच काही गेलं. त्यामुळे एखाद्या जुन्या लेखकानं 'सँ-लोच्या दप्तरात मी पाहिलं' असं लिहिलं असेल तर बहुतेक वेळा तो लेखकच आता तुमचा एकमेव साक्षीदार. त्याची तळटीप जशीच्या तशी उतरवून घ्या.

तरीही हाती लागतं ते असं. बाराव्या शतकासाठी फ्रान्सपेक्षा इंग्लंडचे कागद बरे: इंग्रजी खजिन्याच्या गुंडाळ्यांत राजाच्या 'एस्नेका' जहाजाच्या फेऱ्यांचा खर्च दरवर्षी लिहिलेला आहे. नॉर्मन खजिन्याच्याही ११८०, ११९५ आणि ११९८ च्या गुंडाळ्या छापून उपलब्ध आहेत. चर्चच्या नोंदवह्या १६६७ च्या हुकुमापासून दोन प्रतींत ठेवायच्या होत्या, त्यामुळे अभिलेखागारातली प्रत जळाली तरी गावाच्या प्रती पुष्कळ ठिकाणी वाचल्या. खलाशांची नावं हवी असतील तर चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर यानं सतराव्या शतकात सुरू केलेली नाविक नोंदणी बघा. बार्फ्लरचे लोक ला-ऊग विभागात येतात; हे दप्तर शेरबूरच्या नौदल अभिलेखात.

शोधताना नेहमी फसतं ते तीन ठिकाणी.

नाव. मध्ययुगात 'बार्फ्लर' कोणी लिहीत नाही. बार्बफ्लो, बार्बफ्ले अशी रूपं येतात. फक्त आजचं नाव टाकून शोधलं की निम्मं हुकतं. आणि कृपा करून 'फुलांचं गाव' लिहू नका. आर्फ्लर, ओंफ्लर, बार्फ्लर यांतल्या शेवटच्या तुकड्याचा फुलाशी काही संबंध नाही, तो वायकिंगांच्या वळणाचा पाण्याचा शब्द आहे.

तारीख. बार्फ्लरची लढाई फ्रेंच कागदात २९ मे १६९२ आणि इंग्रजी कागदात १९ मे. दोन्ही बरोबर, इंग्लंड तेव्हा जुन्या पंचांगावर होतं, दहा दिवस मागे. १५६४ च्या आधी फ्रान्सच्या राजदरबारी वर्ष ईस्टरला बदलायचं, म्हणून फेब्रुवारीचा कागद आपल्या हिशोबानं पुढच्या सालातला. आणि १७९३ ते १८०५ क्रांतीचं पंचांग, त्याचं कोष्टक शेजारी ठेवा.

माप. जुन्या नकाशावरची त्वाझ म्हणजे १.९४९ मीटर, राजाचा फूट ३२.४८ सेंटीमीटर. इंग्रजी फूट समजून रूपांतर केलं तर धक्का सुमारे सहा टक्क्यांनी आखूड होतो.

नकाशे तीन काढा: अठराव्या शतकातला कासिनीचा १:८६,४०० प्रमाणाचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा जमीन-मोजणीचा, आणि बोताँ-बोप्रेनं १८१६ ते १८३८ दरम्यान केलेल्या किनारा सर्वेक्षणातला. कासिनीवर धक्क्याची रेघ शोधू नका, त्या प्रमाणात ती दिसणारच नाही, तो गाव-रस्त्यांसाठी. बंदराचा आकार मोजणीच्या नकाशात. सागरी नकाशावर ज्या आकड्याखाली रेघ असते ती खोली नाही, उंची आहे: नकाशाच्या शून्यावर, म्हणजे सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीला, ती जागा किती मीटर उघडी पडते ते. हे न कळल्यामुळे 'बंदर दोन मीटर खोल होतं' असली वाक्यं छापून आलेली आहेत.

---

शीडवाली

रेघेचं कळलं नसतं तर तेच वाक्य माझ्याही लेखात असतं. मसुद्यात एक आकडा आहे, आजच खोडते.

१६९२ ची लढाई मात्र मला नीट लागत नाही. नाव बार्फ्लरचं आणि जहाजं जळाली ती भलतीकडेच?

---

जुना_नकाशा

बरोबर पकडलंत. लढाई बार्फ्लरच्या भूशिरापासून दूर, उघड्या समुद्रात झाली. नाव पडलं जवळच्या भूशिरावरून. फ्रेंच नौसेनापती तूरव्हिलकडे ४४ मोठी जहाजं, समोर इंग्रज-डचांची ८० च्या वर. चौदाव्या लुईचा लढण्याचा हुकूम होता, म्हणून तो भिडला आणि दिवसभरात एकही जहाज गमावलं नाही. खरा पराभव नंतर, भरती-ओहोटीनं केला.

माघार घेताना पश्चिमेला ब्रेस्टकडे जायचं होतं. वाटेत ऑल्डर्नी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली चिंचोळी सामुद्रधुनी, रा ब्लांशार. युरोपातल्या सर्वांत जोरकस प्रवाहांपैकी एक. वीसच्या वर जहाजं अनुकूल प्रवाहावर पार झाली आणि सँ-मालोला पोचली. मागे राहिलेल्यांवर प्रवाह उलटला. नांगर टाकले, खडकाळ तळावर ते घसरले, दोर तुटले आणि जहाजं पूर्वेला वाहत परत शत्रूच्या पुढ्यात आली. खोल, तटबंद आसरा या किनाऱ्यावर नव्हता. तीन शेरबूरला टेकली, त्यांत तूरव्हिलची १०४ तोफांची 'सोलेई र्वायाल'. ती तिथेच जाळली गेली. बारा सँ-व्हा-ला-ऊगच्या उथळ उपसागरात शिरली आणि इंग्रजांनी लहान नावांतून येऊन तीही पेटवली. इंग्लंडवर स्वारीसाठी किनाऱ्यावर तळ ठोकून बसलेला इंग्लंडचाच पदच्युत राजा दुसरा जेम्स हे बघत होता.

त्यानंतर १६९४ पासून फ्रेंच दुर्गरचनाकार व्होबाँ याच्या आराखड्यातले दोन बुरूज उभे राहिले, एक ला-ऊगला आणि एक तातियू बेटावर. २००८ पासून ते जागतिक वारशात आहेत. पैसा सँ-व्हाला गेला, बार्फ्लरला नाही. तुमच्या 'लहान का राहिलं' या प्रश्नात हेही धरा.

---

ग्रॅनाइट

एका दिवसाचं मी सांगतो.

कोएफिसियां ९० च्या वर असेल तो दिवस निवडा. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत तळाची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळच्या सुमारास येते, नेमकी वेळ त्या वर्षाच्या कोष्टकातून घ्या. सकाळी भरलेलं बंदर बघायचं, संध्याकाळी रिकामं. उलट क्रमानं केलंत तर रिकामं बंदर बघायला पहाटे उठावं लागेल.

सुरुवात बंदराच्या तोंडाशी, सँ-निकोला चर्चपासून. बुटकं, जाड, ग्रॅनाइटचं. सतराव्या शतकात काम सुरू झालं आणि रेंगाळत गेलं. शेजारी बचावनौकेची शेड. बुडणाऱ्यांना वाचवणारी फ्रान्सची मध्यवर्ती संस्था १८६५ ला निघाली आणि तिचं पहिलं ठाणं याच गावी. धक्क्यावरची घरं ग्रॅनाइटची, छपरं राखाडी शिस्टच्या पाट्यांची. एखाद्या छपराकडे निरखून बघा: पाट्या वळचणीला मोठ्या नि जाड, आढ्याकडे लहान होत जातात. जड माल खाली ठेवला की वाऱ्यात छप्पर उचललं जात नाही. चित्रकार पोल सिन्याक १९३० च्या दशकात काही वर्षं इथे राहत होता. त्याच्या चित्रांतला धक्का आजही ओळखू येतो.

दुपारी किनाऱ्याच्या पायवाटेनं उत्तरेला गातविलचं दीपगृह, चारेक किलोमीटर. तिथे दोन मनोरे दिसतील. लहान १७७४ चा, तो उंचीला तोकडा पडला. मोठा १८२९ ते १८३५ मध्ये बांधलेला, ७५ मीटर उंच, ३६५ पायऱ्या, ५२ खिडक्या. वर्षाचे दिवस आणि आठवडे. वर चढल्यावर रा द बार्फ्लरचं पाणी बघा: वारा नसतानाही एका पट्ट्यात उकळल्यासारखं दिसतं.

हंगाम असेल तर मूल द बार्फ्लर. हे खांबांवर वाढवलेले शिंपले नाहीत, समुद्राच्या तळावरच्या नैसर्गिक थरांतून खरवडून काढतात, किमान लांबी ४ सेंटीमीटर. हंगाम साधारण उन्हाळ्यापासून शरदापर्यंत, पण दरवर्षी साठा बघून ठरतो आणि साठा नसेल त्या वर्षी बंदी येते. तेव्हा फक्त त्यासाठी तिकीट काढू नका.

---

उधाण_भांग

एक सूचना. ओहोटीत चालत जाता येतं ते तातियूला, सँ-व्हाहून, तेही मोठ्या उधाणालाच. परतीची वेळ निघतानाच ठरवून घ्यायची. किलबफकडे चालत जाता येत नाही. दीपगृहाच्या पायवाटेवरून दुर्बीण लावा, तळाच्या ओहोटीच्या अर्धा तास आधी. मागे-पुढे आणखीही खडक उघडे पडतात, म्हणून सागरी नकाशा हातात असू द्या, नाहीतर भलत्याच खडकाचा फोटो लेखात जाईल.